प्रथिन-संरचनेतील अमिनो आम्ल-अवशेषांचे परस्परसंपर्क : संकल्पना, विश्लेषणपद्धती आणि उपयोजन

सारांश

प्रथिनाचे कार्य त्याच्या साखळीतील अमिनो आम्लांच्या क्रमावर अवलंबून असते, हे सर्वमान्य आहे. तथापि त्या क्रमातून कार्य प्रत्यक्षात येते ते साखळीची घडी पडून दूरदूरचे अवशेष अवकाशात एकमेकांजवळ आल्यामुळे. अवशेषांच्या या परस्परसंपर्कांची व्याख्या, गणना व वाचन कसे करतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पुणे विद्यापीठात विकसित झालेली संरचनाश्रित एपिटोप-भाकीत पद्धती आणि महाराष्ट्रात आढळणाऱ्या सिकलसेल आजारातील हिमोग्लोबिन ही दोन उदाहरणे त्यासाठी घेतली आहेत. 'संपर्क' ही निसर्गात आयती मिळणारी वस्तू नसून अभ्यासकाने आखलेल्या मर्यादेवर अवलंबून असणारी संकल्पना आहे. म्हणून ती मर्यादा स्पष्ट करणे व संपर्क शोधण्याचे क्षेत्र योग्य निवडणे हा विश्लेषणाचा गाभा आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : प्रथिन-संरचना, अमिनो आम्ल-अवशेष, संपर्क-नकाशा, एपिटोप, सिकलसेल हिमोग्लोबिन, जैवमाहितीशास्त्र.

१. प्रस्तावना

सजीवांच्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्नाचे पचन, प्राणवायूचे वहन, स्नायूंचे आकुंचन, रोगजंतूंचा प्रतिकार अशा परस्परांहून अगदी भिन्न क्रियांच्या मुळाशी एकाच प्रकारची रचना आहे, ती म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची एकसर साखळी. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व पेप्टाइड बंध तयार होतो. साखळीत उरलेल्या अमिनो आम्लाच्या भागाला 'अवशेष' अशी संज्ञा आहे. प्रत्येक अवशेषाचा कणा सारखाच असतो. फरक असतो तो त्याच्या पार्श्वगटात. काही पार्श्वगट पाण्यापासून दूर राहू पाहतात, काहींवर विद्युत्प्रभार असतो, काही आकाराने मोठे तर काही अगदी लहान असतात.

ही साखळी पेशीमध्ये सरळ ताणलेली राहत नाही. तिची विशिष्ट घडी पडते. रायबोन्युक्लिएज या १२४ अवशेषांच्या विकरावरील प्रयोगांतून क्रिश्चन अॅन्फिन्सेन यांनी असे दाखवून दिले की, घडी उलगडलेले प्रथिन योग्य परिस्थितीत पुन्हा आपल्या मूळ घडीत येऊ शकते. म्हणजेच घडीसाठी आवश्यक ती माहिती क्रमातच असते. या कार्यासाठी त्यांना १९७२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु माहिती क्रमात आहे याचा अर्थ ती क्रमाकडे पाहून वाचता येते असा होत नाही. ती वाचण्यासाठी कोणता अवशेष कोणत्या अवशेषाच्या सान्निध्यात येतो हे जाणून घ्यावे लागते.

२. साखळीतील अंतर आणि अवकाशातील अंतर

'जवळ' या शब्दाचे येथे दोन अर्थ संभवतात. हा भेद स्पष्ट होण्यास पुण्याच्याच भूगोलातील एक उदाहरण उपयोगी पडेल. आजचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. मुठा नदीच्या पैलतीरावर हिंगणे खुर्द आहे. या दोन वस्त्यांमधील सरळ रेषेतील अंतर अल्प आहे. परंतु पूल वगळून केवळ काठाकाठाच्या रस्त्यांचा विचार केला, तर एकीकडून दुसरीकडे जाण्यास मोठा वळसा पडेल. राजाराम पुलाने कर्वेनगर आणि सिंहगड रस्ता जोडले गेल्यामुळे सरळ रेषेतील जवळीक व्यवहारातील जवळीक झाली. रस्त्याने मोजलेले अंतर हे प्रथिनाच्या साखळीतील अंतरासारखे आहे, तर सरळ रेषेतील अंतर हे अवकाशातील अंतरासारखे. साखळीत दूर असलेल्या दोन सिस्टीन अवशेषांमधील गंधकाचे अणू परस्परांशी जोडले जाऊन जो डायसल्फाइड सेतू तयार होतो, त्यास 'सेतू' हे नाव या अर्थाने यथार्थच आहे.

काइमोट्रिप्सिन या पाचक विकराचे उदाहरण या संदर्भात अभिजात मानले जाते. त्याची रासायनिक क्रिया प्रामुख्याने तीन अवशेषांवर अवलंबून आहे : ५७ व्या क्रमांकावरील हिस्टिडिन, १०२ व्या क्रमांकावरील अॅस्पार्टिक आम्ल व १९५ व्या क्रमांकावरील सेरिन. क्रमवारीत या तिघांमध्ये कित्येक अवशेषांचे अंतर आहे. घडी पडल्यावर मात्र ते एकमेकांस इतके निकट येतात की त्यांच्यात हायड्रोजन बंधांची शृंखला निर्माण होते. त्यांपैकी कोणत्याही एकाचा सुटा अभ्यास केल्यास विकराच्या कार्याचा उलगडा होणार नाही.

अवकाशातील अंतरे मोजता येऊ लागली ती क्ष-किरण स्फटिकशास्त्रामुळे. १९५८ साली जॉन केंड्र्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायोग्लोबिनची पहिली त्रिमितीय संरचना प्रसिद्ध केली. १९७१ साली प्रोटीन डेटा बँक ही संरचनांची सार्वजनिक पेढी सुरू झाली तेव्हा तीत केवळ ७ संरचना होत्या. आज प्रयोगांनी निश्चित केलेल्या संरचनांची तेथील संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. पुण्यातील संशोधकांचाही या पेढीस हातभार लागला आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या सहकार्याने पेनिसिलिन व्ही अॅसिलेज या विकराची संरचना १९९९ साली प्रसिद्ध केली.

३. 'संपर्क' कशास म्हणावे?

पेढीतील प्रत्येक संरचना म्हणजे मूलतः अणूंची एक यादी असते. प्रत्येक अणूसमोर त्याचे नाव, तो ज्या अवशेषाचा घटक आहे त्याचे नाव व क्रमांक, साखळीचे चिन्ह आणि क्ष, य, झ हे तीन निर्देशांक अँगस्ट्रॉम या एककात दिलेले असतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मीटरचा एक हजार कोटीवा भाग. या यादीत अणूंची स्थाने असतात. 'संपर्क' असा कोणताही रकाना तीत नसतो. संपर्क कोणता व कोणता नव्हे हे अभ्यासकाने ठरवावयाचे असते. प्रचलित व्याख्या प्रामुख्याने तीन प्रकारच्या आहेत.

पहिल्या प्रकारात प्रत्येक अवशेषाचा एकच प्रतिनिधी-अणू निवडतात. कण्यातील अल्फा कार्बन किंवा पार्श्वगटातील पहिला म्हणजे बीटा कार्बन हा असा प्रतिनिधी होय. ग्लायसिनला बीटा कार्बन नसल्याने त्याच्यासाठी अल्फा कार्बन घेतात. दोन प्रतिनिधींमधील अंतर ८ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असल्यास संपर्क मानावा, हा संकेत संरचना-भाकिताच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात रूढ आहे. ही व्याख्या सुटसुटीत आहे. परंतु लांब पार्श्वगट कोणत्या दिशेने वळला आहे याची पूर्ण दखल ती घेत नाही.

दुसऱ्या प्रकारात हायड्रोजन वगळता दोन्ही अवशेषांमधील सर्व अणूंच्या जोड्या तपासतात व त्यांतील किमान एक जोडी साधारणतः ४.५ ते ५ अँगस्ट्रॉमच्या आत असल्यास संपर्क मानतात. येथे प्रत्यक्ष स्पर्शाची कल्पना अधिक जवळून साधते, परंतु संरचनेतील अणूंच्या स्थानांत थोडी चूक असल्यास निष्कर्ष बदलू शकतो.

तिसऱ्या प्रकारात अंतराबरोबर रासायनिक स्वरूपही पाहतात. हायड्रोजन बंधासाठी दाता व ग्राही अणू आणि त्यांमधील कोन, क्षारसेतूसाठी विरुद्ध प्रभाराचे गट, जलविरोधी संपर्कासाठी अध्रुवीय पार्श्वगट, अशा अटी घालून संपर्कांचे वर्गीकरण करतात.

एका काल्पनिक जोडीचे उदाहरण घेऊ. दोन अल्फा कार्बनांच्या निर्देशांकांतील फरक अनुक्रमे २, ३ व ६ अँगस्ट्रॉम आहेत. त्यांचे वर्ग ४, ९ व ३६; बेरीज ४९; वर्गमूळ ७. म्हणजे अंतर ७ अँगस्ट्रॉम झाले. मर्यादा ८ अँगस्ट्रॉम धरल्यास हा संपर्क ठरतो, ६.५ अँगस्ट्रॉम धरल्यास ठरत नाही. अणू जागचे हललेले नाहीत. बदलली आहे ती केवळ व्याख्या. म्हणूनच 'या प्रथिनात इतके संपर्क आहेत' हे विधान व्याख्या दिल्याविना अपूर्ण राहते आणि भिन्न व्याख्या वापरून काढलेल्या दोन संख्यांची तुलना निरर्थक ठरते.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. साखळीत लगतच्या दोन अवशेषांचे अल्फा कार्बन सामान्यतः ३.८ अँगस्ट्रॉमवर असतात. त्यांची जवळीक बंधामुळेच आहे, घडीमुळे नव्हे. असे शेजार-संपर्क मोजणीतून वगळण्यासाठी क्रमांकांमधील किमान अंतराची अट घालतात. क्रमांकांत २४ वा अधिक अंतर असलेल्या अवशेषांमधील संपर्कांना 'दूरगामी' संपर्क म्हणण्याचा प्रघात आहे. घडीविषयी सर्वाधिक माहिती त्यांच्यापासून मिळते.

४. संपर्क-नकाशा : गणना व वाचन

अवशेषांच्या सर्व जोड्यांचा निर्णय एका चौरस सारणीत मांडल्यास संपर्क-नकाशा तयार होतो. आडव्या व उभ्या अक्षांवर अवशेषांचे क्रमांक असतात. संपर्क असेल तेथे ठिपका, नसेल तेथे रिकामी जागा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अवशेष आहेत. त्यांच्या जोड्या १०,५८५ होतात. संपूर्ण हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या मिळून ५७४ अवशेष आहेत. त्यांच्या जोड्या १,६४,४५१ होतात. साध्या संगणकालाही हे काम क्षणात करता येते.

नकाशा वाचण्याच्या काही खुणा ठरलेल्या आहेत. मुख्य कर्णाला लागून त्यास समांतर जाणारा जाड पट्टा अल्फा सर्पिल दर्शवितो, कारण सर्पिलात प्रत्येक अवशेष आपल्यापुढील तिसऱ्या व चौथ्या अवशेषाजवळ येतो. कर्णापासून दूर, पण त्याला समांतर असलेली ठिपक्यांची रेघ म्हणजे एकाच दिशेने जाणाऱ्या दोन बीटा सरी. कर्णाला काटकोनात असलेली रेघ म्हणजे विरुद्ध दिशांच्या सरी. कर्णापासून बऱ्याच अंतरावर विखुरलेले ठिपके हे साखळीचे दूरचे भाग कोठे एकत्र आले आहेत ते सांगतात. त्रिमितीय वस्तूचे असे द्विमितीय चित्र वस्तू कशीही फिरविली तरी बदलत नाही, हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र वस्तू व तिचे आरशातील प्रतिबिंब यांचा नकाशा एकच येतो, ही त्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते.

हाच नकाशा आलेख सिद्धान्ताच्या भाषेतही मांडता येतो. अवशेष म्हणजे बिंदू व संपर्क म्हणजे त्यांना जोडणाऱ्या कडा असे मानले की, कोणत्या बिंदूस सर्वाधिक कडा मिळतात, कोणता बिंदू काढल्यास जाळे तुटते, असे प्रश्न गणिताने सोडविता येतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सरस्वती विश्वेश्वरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दिशेने महत्त्वाचे कार्य केले आहे. घडी पडण्याच्या वेगाशीही संपर्कांचा संबंध दिसून आला आहे. संपर्कातील अवशेष साखळीत सरासरीने जितके दूर, तितकी लहान प्रथिनांची घडी सामान्यतः सावकाश पडते, असे प्लॅक्सको, सायमन्स व बेकर यांनी १९९८ साली दाखविले.

५. पुण्यातील अभ्यास : प्रतिजनाच्या पृष्ठभागावरील संपर्क

संपर्क-विश्लेषणाचे एक उल्लेखनीय उपयोजन पुण्यात झाले. १९८७ साली केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने पुणे विद्यापीठात (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. तेथे अशोक कोळस्कर व ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एक प्रश्न हाती घेतला : विषाणूच्या प्रथिनावर आपल्या शरीरातील प्रतिपिंड नेमके कोठे चिकटते?

ज्या भागावर प्रतिपिंड चिकटते त्यास 'एपिटोप' म्हणतात. तो साखळीतील सलग तुकडा असल्यास क्रमावरून त्याचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी कोळस्कर व टोणगावकर यांनी १९९० साली सुचविलेली पद्धती आजही जगभर वापरली जाते. परंतु प्रतिपिंड साखळी वाचत नाही. ते पृष्ठभाग वाचते. साखळीतील दूरदूरचे तुकडे घडीमुळे पृष्ठभागावर शेजारी आलेले असतात व प्रतिपिंड त्यांना एकत्रितपणे ओळखते. अशा संरचनाश्रित एपिटोपचा ठाव केवळ क्रमावरून लागत नाही.

१९९९ साली या दोघांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाचे त्रिमितीय प्रतिमान प्रसिद्ध केले व त्यावरील संरचनाश्रित एपिटोप दर्शविले. त्या वेळी या प्रथिनाची प्रायोगिक संरचना उपलब्ध नव्हती. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. म्हणून गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूतील सजातीय प्रथिनाची संरचना आधारभूत साचा म्हणून वापरण्यात आली. २००५ साली कुलकर्णी-काळे, भोसले व कोळस्कर यांनी ही पद्धती सर्व अभ्यासकांना खुली करून दिली. तिचे तर्कशास्त्र सुबोध आहे. प्रथम प्रत्येक अवशेषाचा किती भाग पाण्याच्या संपर्कात येऊ शकतो, म्हणजे तो कितपत उघडा आहे, हे मोजावयाचे. नंतर उघड्या अवशेषांचे तुकडे शोधावयाचे. आणि शेवटी जे तुकडे अवकाशात ठरलेल्या अंतराच्या आत येतात त्यांना एकत्र करून एक एपिटोप मानावयाचा. प्रतिजन-प्रतिपिंड जोड्यांच्या ज्ञात स्फटिक-संरचनांशी ताडून पाहता तिची अचूकता ७५ टक्के आढळल्याचे संशोधकांनी नमूद केले. संरचनाश्रित एपिटोपचे भाकीत करणारी ही पहिलीच पद्धती होती, असेही त्यांनी म्हटले आहे.

या उदाहरणात 'संपर्क' दोन पातळ्यांवर येतो. प्रथिनाच्या अंतर्गत संपर्कांमुळे पृष्ठभाग घडतो. त्या पृष्ठभागाचा दुसऱ्या रेणूशी संपर्क आला की जैविक परिणाम घडतो. ही दुसरी पातळी दुर्लक्षिल्यास काय निसटते, हे पुढील उदाहरणावरून अधिक तीव्रतेने जाणवते.

६. सिकलसेल हिमोग्लोबिन : एका संपर्काचा परिणाम

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार महाराष्ट्रात मुख्यत्वे विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळतो. आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकस्थितीची नोंद १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध केली. आजार झालेल्या व्यक्तीस असह्य वेदनांचे झटके, रक्तक्षय, वारंवार जंतुसंसर्ग व अवयवांची हानी सोसावी लागते. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

याचे मूळ हिमोग्लोबिनमध्ये आहे, हे लायनस पाउलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखविले. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका फरक शोधला : बीटा साखळीत सहाव्या क्रमांकावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. १४६ पैकी केवळ एका अवशेषाचा हा बदल आहे.

या बदलाने बीटा साखळीची अंतर्गत घडी बदलत असेल, असे प्रथमदर्शनी वाटणे साहजिक आहे. परंतु सर्वसामान्य व सिकलसेल हिमोग्लोबिन यांच्या एकेका रेणूचे संपर्क-नकाशे शेजारी ठेवल्यास ते जवळजवळ सारखेच दिसतात. सहावा अवशेष पृष्ठभागावर आहे. रेणूच्या आतील मांडणीत त्याची मोठी भूमिका नाही. केवळ एका रेणूच्या आतील संपर्क मोजणाऱ्यास येथे रोगाचा मागमूसही लागणार नाही.

उत्तर सापडते ते दोन रेणूंच्या मध्ये. विशनर, लव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली आणि त्यानंतर अधिक सुस्पष्टपणे हॅरिंग्टन, अडाची व रॉयर यांनी १९९७ साली ऑक्सिजनरहित सिकलसेल हिमोग्लोबिनची स्फटिक-संरचना अभ्यासली. तीत एका रेणूच्या बीटा साखळीतील सहावा व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवरील एका खाचेत बसलेला आढळतो. ही खाच ८५ व्या क्रमांकावरील फिनाइलॅलॅनिन व ८८ व्या क्रमांकावरील ल्युसिन यांच्यामुळे घडलेली आहे. हे दोन अवशेष एकाच सर्पिलावर असून सर्पिलाचा एक वेढा सुमारे ३.६ अवशेषांचा असल्याने, क्रमांकात तीनचे अंतर असूनही त्यांची तोंडे एकाच बाजूस येतात. दोघेही जलविरोधी, आणि येऊन बसणारा व्हॅलिनही जलविरोधी. मूळच्या ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असल्याने ते अशा खाचेत सुखाने बसू शकत नाही.

रेणूमागून रेणू असे जोडले जाऊन दुपदरी धागा होतो व अशा सात दुपदरी धाग्यांचा मिळून चौदा सरींचा ताठ तंतू बनतो. या तंतूंमुळे तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची व कडक होते आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धारण केला असता खाचेची ठेवण या जोडणीस अनुकूल राहत नाही. त्यामुळे तंतू ऑक्सिजन सोडलेल्या अवस्थेत बनतात.

ग्रामीण आरोग्य केंद्रांवर केली जाणारी विद्राव्यता चाचणी ही याच घटनेवर आधारलेली आहे. रक्ताच्या थेंबातील पेशी फोडून त्यात सोडियम डायथायोनाइट मिसळले की ऑक्सिजन निघून जातो. सिकलसेल हिमोग्लोबिन अविद्राव्य होऊन द्रावण गढूळ होते व नळीमागील रेषा दिसेनाशा होतात. नळीतील तो गढूळपणा म्हणजे कोट्यवधी रेणूंमधील व्हॅलिन-खाच संपर्काचा डोळ्यांनी दिसणारा परिणाम होय. मात्र या चाचणीने वाहक व रुग्ण यांतील भेद कळत नाही. त्यासाठी विद्युत्कणसंचलन किंवा तत्सम तपासणी करावी लागते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आहे.

संपर्काचे ज्ञान उपचारापर्यंत कसे पोहोचते, हेही येथे दिसते. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असल्यास सिकलसेलची तीव्रता घटते, हे दीर्घकाळ ज्ञात आहे. भारतात सर्वत्र वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध हे प्रमाण वाढविते. गर्भ-हिमोग्लोबिनमधील गॅमा साखळीत ८७ व्या स्थानी ग्लुटामिन असते, तर बीटा साखळीत तेथे थ्रिओनिन असते. ८७ हे स्थान ८५ व ८८ यांच्याच सर्पिलावर, खाचेच्या लगत आहे. तेथील ग्लुटामिनमुळे शेजारील रेणूशी होणारी जोडणी बिघडते. हे सूत्र धरून ८७ व्या स्थानी ग्लुटामिन असलेली बीटा साखळी तयार करणारे जनुक रुग्णाच्या मूलपेशींत घालण्याची उपचारपद्धती विकसित झाली व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ती अतिशय खर्चिक असल्याने गडचिरोली वा धडगावच्या रुग्णापर्यंत पोहोचण्यास अवकाश आहे. तथापि एका अवशेषाने जुळलेला संपर्क दुसऱ्या अवशेषाने रोखता येतो, हे तत्त्व तिने सिद्ध केले.

७. संपर्कांचे भाकीत

ज्यांची प्रायोगिक संरचना उपलब्ध नाही अशा प्रथिनांसाठी क्रमावरून संपर्कांचे भाकीत करण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकापासून चालू आहेत. त्यामागील तर्क असा : संपर्कातील दोन अवशेषांपैकी एक उत्क्रांतीच्या ओघात बदलला, तर दुसराही त्यास अनुरूप बदलण्याचा संभव वाढतो. अनेक प्राण्यांतील सजातीय प्रथिनांचे क्रम एकाखाली एक मांडून असे जोडीने होणारे बदल शोधले, की संपर्काचा अंदाज येतो.

या तर्काला सखोल यंत्र-अध्ययनाची जोड मिळून २०२० साली 'अल्फाफोल्ड २' ने संरचना-भाकितात मोठी झेप घेतली. २०२१ पासून तिची भाकिते सार्वजनिक करण्यात आली व पुढील वर्षात त्यांची संख्या २० कोटींवर गेली. २०२४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड बेकर यांना संगणकीय प्रथिनरचनेसाठी आणि डेमिस हासाबिस व जॉन जम्पर यांना संरचना-भाकितासाठी विभागून देण्यात आले.

परंतु सिकलसेलचे उदाहरण येथेही सावध करते. सहाव्या स्थानी व्हॅलिन घालून एका बीटा साखळीचे भाकीत केल्यास ती नेहमीसारखीच घडी दाखवील व ते भाकीत चुकीचे ठरणार नाही; मात्र रोगाविषयी ते मौन पाळील. प्रश्न रेणूंच्या समूहाचा असताना एका रेणूचे अचूक चित्रही अपुरे पडते.

८. विश्लेषणात घ्यावयाची दक्षता

(अ) क्रमांकन : सिकलसेलमधील बदल प्रथिनाच्या पारंपरिक मोजणीत सहाव्या स्थानी आहे, परंतु जनुकाच्या आधारे आरंभीचे मेथिओनिन धरून मोजल्यास तो सातवा ठरतो. दोन स्रोतांतील क्रमांक ताडून न पाहिल्यास भलत्याच अवशेषाचे संपर्क मोजले जातात.

(आ) संरचनेची गुणवत्ता : संरचनेच्या सुस्पष्टतेचा आकडा अँगस्ट्रॉममध्ये दिलेला असतो, तो जितका लहान तितकी स्थाने विश्वसनीय. ३ अँगस्ट्रॉमच्या संरचनेतून पार्श्वगटांच्या सूक्ष्म संपर्कांविषयी ठाम विधाने करणे उचित नव्हे. काही लवचीक भागांचे अणू यादीत नसतातच. 'संपर्क नाही' व 'माहिती नाही' यांत म्हणून भेद करावा लागतो.

(इ) स्फटिकातील शेजार : स्फटिकात रेणू दाटीने रचलेले असल्याने त्यांच्यात असे संपर्कही येतात ज्यांना पेशीत काही अर्थ नसतो. सिकलसेल हिमोग्लोबिनमधील संपर्क खरा मानला गेला तो केवळ स्फटिकात दिसला म्हणून नव्हे. तंतूंच्या सूक्ष्मदर्शकीय अभ्यासाने व अन्य हिमोग्लोबिन-प्रकारांवरील प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली म्हणून.

(ई) गतिमानता : प्रथिन सतत हालत असते. एकाच स्थिर चित्रावरून काढलेला संपर्क क्षणिक असू शकतो. हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनरहित अशा दोन्ही अवस्थांतील नकाशांची तुलना म्हणूनच उद्बोधक ठरते.

(उ) संपर्कापासून उपचारापर्यंतचे अंतर : रेणूच्या पातळीवरील यश रुग्णाच्या हिताची हमी देत नाही. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या आरंभीच्या व्हॅलिनशी जोडले जाऊन त्याची ऑक्सिजनधारणा वाढविणारे व्हॉक्सेलोटोर हे औषध २०१९ साली अमेरिकेत मान्य झाले. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी ते जगभरातून मागे घेतले, कारण उपलब्ध माहितीनुसार लाभापेक्षा जोखीम अधिक ठरत होती.

९. महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

या विषयासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. संरचनांची पेढी विनामूल्य आहे, नोंदी साध्या मजकुराच्या स्वरूपात आहेत व गणना अंतराच्या शालेय सूत्राने होते. १९९७ सालची सिकलसेल हिमोग्लोबिनची संरचना '२ एचबीएस' या संकेताने उपलब्ध असून तीत दोन संपूर्ण रेणू शेजारी असल्याने वर वर्णिलेला संपर्क विद्यार्थ्यांना स्वतः शोधता येतो. प्रथम एका रेणूच्या आतच शोध घ्यावा व काही हाती न लागल्याचा अनुभव घ्यावा. मग दोन्ही रेणूंमध्ये शोध घ्यावा. ४, ५ व ८ अँगस्ट्रॉम अशा तीन मर्यादांनी हाच प्रयोग पुन्हा केल्यास व्याख्येचा परिणामही प्रत्यक्ष दिसेल.

असा उपक्रम एका विभागापुरता मर्यादित राहू नये. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या कर्वेनगर येथील आवारात अभियांत्रिकी व परिचर्या या दोन्ही शाखांचे शिक्षण दिले जाते. अशा ठिकाणी संगणकाच्या विद्यार्थिनींनी संपर्क मोजावेत व परिचर्येच्या विद्यार्थिनींनी विद्राव्यता चाचणीतील गढूळपणाचा अर्थ त्यांना समजावून द्यावा, हे सहज शक्य आहे. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व गणित या विभागांनाही त्यात स्वाभाविक स्थान आहे. पुढे नंदुरबार वा गोंदिया येथे काम करणाऱ्या परिचारिकेस आपण वाहक व्यक्तीला काय सांगत आहोत याची रेणूपर्यंतची जाण असेल, तर विवाहपूर्व व प्रसूतिपूर्व समुपदेशन अधिक विश्वासाने होईल.

१०. समारोप

अवशेषांच्या संपर्कांचे विश्लेषण ही वरवर पाहता अंतरे मोजण्याची क्रिया आहे. परंतु कोणते अणू मोजावयाचे, कोणत्या मर्यादेने मोजावयाचे आणि मुख्य म्हणजे शोध एका साखळीत घ्यावयाचा की रेणूंच्या मधील सीमेवर, या निर्णयांवर त्याचे फलित अवलंबून असते. पुण्यातील एपिटोप-भाकिताच्या पद्धतीत उघडा पृष्ठभाग व अवकाशातील अंतर या दोन अटींच्या योग्य निवडीमुळे क्रमात न दिसणारी गोष्ट दिसू लागली. सिकलसेलच्या अभ्यासात एका रेणूबाहेर पाहिल्यामुळे आजाराचे कारण उलगडले व त्यावरील एका उपचाराची दिशा सापडली. संगणकीय भाकिते यापुढे अधिकाधिक सुलभ होत जातील. कोणता संपर्क कोठे शोधावा हा प्रश्न मात्र अभ्यासकालाच विचारावा लागेल. तो नेमकेपणाने विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे हे या विषयाच्या अध्यापनाचे प्रमुख प्रयोजन मानावयास हवे.